तमाशाच्या फडाबरोबर हंगामभर फिरायचंय, कॅमेरा कोणता घ्यावा?

बाभळबन
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिलाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एडिटिंग करते. आजोळ जुन्नर तालुक्यातलं. लहानपणी पाडव्याच्या आधी एसटी नारायणगावात थांबली की फडांच्या राहुट्या लागलेल्या दिसायच्या, गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला आलेली असायची. आई खिडकीबाहेर बघू द्यायची नाही, म्हणून जास्तच बघितलं. आता एका हंगामी फडाबरोबर चैत्र-वैशाखाच्या जत्रा फिरून माहितीपट करायचा आहे. फडाच्या मालकीणबाईंनी होकार दिलाय, अट एकच: "आमच्या पोरींना इचारल्याबिगर काय बी घ्यायचं न्हाई."

गेल्या वर्षी दोन रात्री माझ्या साध्या मिररलेस कॅमेऱ्यावर शूट करून पाहिलं. रंगमंचावर चेहरे पांढरेफटक, मागच्या राहुटीत एका बल्बखाली नुसता चिखल. चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकताहेत. हलगी कडाडली की आवाज फाटतोय. आणि २९ मिनिटं झाली की कॅमेरा आपोआप बंद, तेही नेमका वगातला राजा दरबारात आला की.

हाताशी साडेचार लाख आहेत, त्यातले दोन भावाचे, परत करायचे. मनात तीन नावं आहेत: सोनी एफएक्स६, सोनी एफएक्स३ आणि ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के प्रो. एफएक्स६ चा नव्याचा आकडा दुकानदाराने सांगितला, त्यात माझी स्कूटीसुद्धा विकावी लागली असती. सेकंडहँड बघतेय. माझ्याबरोबर फार तर एक जण असेल. जाणकारांनी सांगावं.

झणझणीत_पोहे
आजकाल फोनवर सगळं होतं की! (पळतो आता)

लाइटमन_ते_डीओपी
पोहे, पळा.

बाभळबन, आधी एक विचारतो, रागावू नका. गेल्या वर्षी शटर ऑटोवर होतं ना? सरकणारे काळे पट्टे हा कॅमेऱ्याचा गुन्हा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते जुळतं. कुणीतरी यूट्यूबवर "सिनेमा म्हणजे २४ फ्रेम" असं सांगतो, पोरं २४ फ्रेमला १/४८ लावतात आणि ट्यूबलाइटखाली चित्र धडधडायला लागतं. २४ च हवी असेल तर शटर अँगल १७२.८ करा, म्हणजे १/५० येतं. पण माहितीपटाला आपल्याकडे २५ वरच राहा.

आता कॅमेरा. एफएक्स६ २०२० च्या नोव्हेंबरात आला, म्हणजे आता जुनाच. तरी अंधेरीत भाड्याच्या दुकानांतून रोज बाहेर पडणाऱ्यांत तो असतोच. कारण दोन.

पहिलं म्हणजे त्याचे दोन बेस आयएसओ, म्हणजे उजेड टिपायच्या दोन मूळ पातळ्या. एस-लॉग३ मध्ये (नंतर रंग करता यावेत म्हणून घेतलेलं फिकट चित्र) ८०० आणि १२८००. म्हणजे १२८०० वर नेलात तर तो ८०० चं चित्र ताणून देत नाही, सेन्सर वेगळ्या पातळीवर काम करायला लागतो. त्या बल्बखालच्या राहुटीसाठी हे वरदान आहे. मधले आकडे टाळा. ६४०० ला दाणे दिसतात आणि त्याच्या दुप्पट १२८०० वर चित्र स्वच्छ, हे पहिल्यांदा बघताना डोक्याला झिणझिण्या येतात.

दुसरं कारण आत बसवलेला इलेक्ट्रॉनिक एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काच. १/४ पासून १/१२८ पर्यंत, चाकावर बोट फिरवलं की सलग. दुपारच्या उन्हात मंडपाची दोरी ओढणारे गडी घेताय, तिथून तसंच चालत तंबूत शिरलात, तर ॲपर्चर-शटरला हात न लावता एनडी उतरवत जाता येतं. एक खोड मात्र माहीत असू द्या. १/४ वरून "क्लिअर" करताना काच प्रत्यक्ष बाजूला सरकते, तो धक्का चित्रात दिसतो. तो कुठे घ्यायचा ते आधी ठरवा, कुणाच्या तरी पाठीमागे असताना वगैरे.

बॉडी ८९० ग्रॅम. पण लेन्स, हँडल, बॅटरी, माइक चढला की संध्याकाळपर्यंत मनगट बोलतं.

रॉ_ची_राणी
एफएक्स६ वाले आले की बाकी कुणी बोलायचंच नाही का? :)

मी पॉकेट ६के प्रो वर तीन शॉर्ट फिल्म केल्या. आतच १२-बिट ब्लॅकमॅजिक रॉ (नंतर रंगाला भरपूर वाव देणारं कच्चं चित्र) मिळतो, एफएक्स६ ला रॉ साठी बाहेर रेकॉर्डर टांगावा लागतो. एनडी यातही आहे, २, ४ आणि ६ स्टॉपचा. पाच इंची पडदा वर-खाली वळतो आणि उन्हातही दिसतो. नवा घेतला तर दाविंची रिझॉल्व्हची पूर्ण आवृत्ती सोबत मिळते, एडिटर बाईंना तेही कामाचं. दोन मिनी एक्सएलआर (माइकच्या जोडण्या) आहेत. किंमत तर विचारूच नका, म्हणजे विचाराच!

लाइटमन_ते_डीओपी
राणी, शॉर्ट फिल्मला मीही तोच सांगेन. चेहऱ्याचे रंग सुंदर येतात. पण तमाशात नाचणारी बाई मागून पुढे दहा पावलं येते आणि फोकस ओढायला दुसरा माणूस नाही. पॉकेटमध्ये धरून ठेवणारा ऑटोफोकस नाही, बटण दाबलं की एकदा लागतो, बस. बॅटरी एनपी-एफ५७०, तास धड भरत नाही. डेटा तर बघ: १२:१ कॉम्प्रेशनवर ठेवलं तरी ६के, २५ फ्रेमला तासाला २४० जीबीच्या आसपास. एफएक्स६ चा एक्सएव्हीसी-आय फॉरमॅट ४के २५ फ्रेमला सेकंदाला २५० मेगाबिट, तासाला साधारण ११२ जीबी. निम्म्याहून कमी.

रॉ_ची_राणी
फोकसचा मुद्दा मान्य. बॅटरीचाही. (कुरकुरत)

स्वप्नाळू_सिनेमा
मग एफएक्स३ का नको? 'द क्रिएटर' हा हॉलिवूडचा अख्खा सिनेमा एफएक्स३ वर झालाय. २०२३ चा. कॅमेरा छोटा, आत स्टॅबिलायझेशन आहे, सेन्सर एफएक्स६ च्याच घराण्यातला.

लाइटमन_ते_डीओपी
झालाय, खरं आहे. त्याचं बजेट ८ कोटी डॉलरच्या घरात होतं, तेही सांग की. कॅमेऱ्याला बाहेरून रेकॉर्डर जोडला होता, पुढे ॲनामॉर्फिक लेन्स होती, नंतर व्हीएफएक्सवाल्यांची फौज. एफएक्स३ चांगलाच आहे, पण त्या सिनेमातून "मलाही जमेल" एवढंच घे, "एवढंच लागतं" हे घेऊ नकोस.

एफएक्स३ ला आत एनडी नाही. उन्हात लेन्सवर फिरकीचा एनडी लावायचा, आत आलं की काढायचा, तोवर प्रसंग संपलेला. टाइमकोडला (चित्र-आवाज जुळवायची वेळखूण) वेगळी केबल लागते, एफएक्स६ ला सरळ बीएनसी सॉकेट आहे.

बाभळबन
बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद. धन्यवाद सगळ्यांना.

दादा, हो, शटर ऑटोवरच होतं. लाज वाटली वाचून. पण एक शंका. फडाचे दिवे जनरेटरवर असतात आणि तो म्हातारा झालेला आहे. त्याचे तरी ५० हर्ट्झ असतात का?

लाइटमन_ते_डीओपी
हा अस्सल प्रश्न. नसतात. इंजिनावर एकदम लोड आला की फेरे पडतात, ४८-४९ वर येतं, लोड सुटला की वर उडी मारतं. अशा वेळी शटर एखाद-दुसऱ्या अंशाने मागेपुढे करून पट्टा कुठे थांबतो ते पडद्यावर बघायचं. पूर्ण नाही गेला तरी सावकाश सरकतो, चालून जातं. पिवळे जुने बल्ब असतील तर त्रास कमी, कारण तार तापलेलीच राहते. मेटल हॅलाइड आणि स्वस्त एलईडी सर्वांत छळतात. खेळ सुरू होण्याआधी जनरेटरवाल्याला चहा पाजा. हा सल्ला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

बूमवाला
सगळे चित्राचंच बोलताय. हलगी फाटली त्याचं काय?

ताई, कॅमेरा कुठलाही घ्या, ३२-बिट फ्लोटवाला रेकॉर्डर आधी घ्या. झूम एफ३ तळहातावर मावतो, दोन एक्सएलआर, दोन पेन्सिल सेलवर चालतो. यात लेव्हल चुकली तरी आवाज रेकॉर्डरमध्ये फाटत नाही, एडिटला खाली ओढला की परत जागेवर. फक्त माइकच फाटला तर देवही वाचवणार नाही, तेव्हा हलगीच्या तोंडाशी नाजूक माइक नेऊ नका. ढोलकीवाल्याच्या बाजूला एक ठेवा आणि पब्लिकची शिट्टी-आरोळी घ्यायला दुसरा लांब. फडाच्या मिक्सरमधून लाइन मिळाली तर घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. गायिकेचा माइक ऑपरेटर कधी मारेल याचा नेम नसतो.

आणि एफएक्स६ बद्दल कुणी बोललं नाही ते सांगतो. त्याचे एक्सएलआर वरच्या हँडलमध्ये आहेत. राहुटीत डोक्याला लागतं म्हणून हँडल काढलंत की एक्सएलआरही गेले. एफएक्स३ चंही तेच, हँडल काढलं की फक्त साधी माइक-पिन उरते.

रॉ_ची_राणी
दोनदा पडल्याने प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सोळा_एमएम
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, विषयच तसा निघाला. वय विचारू नका, पण मी ४०० फुटी रोलवर शिकलो. १६ एमएमला ४०० फूट म्हणजे ११ मिनिटं. दोन दिवसांच्या शूटला कधी सहा रोल मिळायचे, कधी चार. बटण दाबण्याआधी माणूस किती वेळ नुसता बघत बसायचा, ते तुम्हा मुलांना सांगून पटणार नाही.

मुली, तू दिवसाला किती तास रेकॉर्ड करणार आहेस?

बाभळबन
काका, चार तास तरी धरलेत. ४० दिवस.

सोळा_एमएम
म्हणजे १६० तास. बघणार कोण?

कच्चा_माल
मी बघते काका, माझं पोट त्यावरच आहे :)) डेटा सांभाळायचं काम करते.

बाभळबन, लाइटमनदादांचाच हिशोब पुढे नेते. १६० तास गुणिले ११२ जीबी, १८ टीबी. त्याच्या दोन प्रती हव्यातच, म्हणजे ३६ टीबी, तिसरी दुसऱ्या गावात असली तर उत्तम. हा खर्च कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये धरलाय का? बहुतेक जण धरत नाहीत आणि मे महिन्यात मला फोन करतात. "एसएसडी भरली, काय डिलीट करू?" असं विचारणारा दिग्दर्शक मी स्वतः पाहिलाय.

कुणी "लाँग-जीओपी वापर, फाइल लहान होते" म्हणालं तर थांबा. एफएक्स६ वर युएचडीला (४के) लाँग-जीओपी ही दाबून लहान केलेली फाइल म्हणजे ८-बिट ४:२:०, रंगाची माहिती कमी. एस-लॉग३ त्यात घेतलं की आकाशात आणि भिंतीवर रंगाच्या पायऱ्या दिसतात. एफएक्स३ इथे उजवा, त्यात हलक्या फाइलमध्येही १०-बिट ४:२:२ मिळतं. ही गोष्ट विकणारा सांगत नाही.

कार्डांचं: एफएक्स६ आणि एफएक्स३ दोघांत सीएफएक्सप्रेस टाइप ए चालतं, ते महाग. पण २५ फ्रेमच्या साध्या शूटला चांगलं एसडी पुरतं. दोन्ही स्लॉटवर एकाच वेळी रेकॉर्ड करा. भरलेल्या कार्डाला लाल चिकटपट्टी, रिकाम्याला हिरवी. रात्री तीन वाजता जीपच्या टपावर बसून मी एकदा भरलेलं कार्ड फॉरमॅट केलंय, त्यावर लग्नातलं कन्यादान होतं. नवरी अजून बोलत नाही, ती माझी मावसबहीण आहे.

झणझणीत_पोहे
कन्यादान परत करता आलं नसतं का?

कच्चा_माल
पोहे, पळा.

डेट्रॉइटकर
ताई, मी जूनमध्ये येतोय, इकडून घेऊन येऊ का? एफएक्स६ निघाला तेव्हा इकडे ६ हजार डॉलरला दोन कमी होता, आता सेकंडहँड बरेच मिळतात.

लाइटमन_ते_डीओपी
डेट्रॉइटकर, भावना पोचल्या, पण पाडवा जूनमध्ये येत नाही. शिवाय विमानतळावर ड्यूटी, इथे वॉरंटीची बोंब. मैत्रीत कॅमेरा आणि लग्नात मध्यस्थी, दोन्हीपासून मी लांब राहतो.

सेकंडहँड इथेच बघा. मेन्यूत अवर्स मीटर असतो, किती तास चाललाय ते कळतं. लेन्सला टोपी लावून १२८०० वर काळं चित्र घ्या आणि मोठ्या पडद्यावर बघा. पांढरे ठिपके दिसले तर एपीआर (असे ठिपके झाकायची मेन्यूतली सोय) चालवा, तरी राहिले तर हात जोडून निघा. एनडी पूर्ण फिरवून बघा. हँडलच्या एक्सएलआरमध्ये माइक लावून हँडल हलवा, खरखर येतेय का ते ऐका.

नवाकोरा
थोडं थांबा असं सुचवेन. २०२४ मध्ये निकॉनने सिनेमा कॅमेरे बनवणारी रेड कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये झेडआर कॅमेरा काढला. एफएक्स६ पेक्षा खूप स्वस्त, ६के फुलफ्रेम, आतच ३२-बिट फ्लोट आवाज. बूमवाल्यांचाही प्रश्न मिटला.

बूमवाला
माइक अजूनही कुणीतरी धरायचाच आहे हो.

लाइटमन_ते_डीओपी
आत एनडी नाही, एक्सएलआर नाही. बाकी मस्त. पण "थोडं थांबा" ऐकत बसणारे माझे तीन मित्र २०१४ पासून थांबलेत.

माळावरची
सगळं वाचलं, थोडं वेगळं बोलते. मी बायकांच्या बचत गटांवर, वीटभट्टीवर काम केलंय. मोठा कॅमेरा बाहेर काढला की "च्यानलवाले आले" अशी हाकाटी होते. सरपंच पुढे येऊन उभे राहतात, बाई पदर सारखा करते आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागते. त्यामुळे मी कायम छोटा कॅमेरा वापरत आले, लोकांना वाटतं फोटो काढतेय.

पण मालकीणबाईंची अट वाचून थांबले. फोटो काढतेय असं वाटणं ही सोय आपली आहे, त्यांची नाही. तमाशातल्या बायकांचे चोरून घेतलेले व्हिडिओ गावोगावच्या फोनमध्ये फिरतात. कॅमेरा कधी चालू, कधी बंद, हे त्यांना कळत नसेल तर होकाराला काय अर्थ? मोठा कॅमेरा निदान ओरडून तरी सांगतो.

बाभळबन
माळावरची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर आत्ता उत्तर नाहीये. पुढच्या आठवड्यात एफएक्स६ आणि एफएक्स३ दोन्ही दोन दिवस भाड्याने घेऊन फडावर जातेय. आल्यावर लिहिते.

झणझणीत_पोहे
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाभळबन
(तीन आठवड्यांनी) उशिरा लिहितेय, माफी.

दोन्ही कॅमेरे नेले. भाड्याच्या दुकानातून सोबत अटेंडंट दादा आला होता, त्याने आयुष्यात पहिल्यांदा तमाशा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी भाडं न घेता थांबला.

दुपारी एफएक्स६ च्या साडेतीन इंची पडद्यावर उन्हात काही म्हणजे काही दिसेना, व्ह्यूफाइंडर नाहीच. शेवटी डोक्यावर काळी ओढणी घेऊन शूट केलं, जुन्या फोटोग्राफरसारखं. पोरं हसत होती. पण एनडीचं चाक! ट्रकमधून पेट्या उतरवताना ते तंबूच्या आतपर्यंत एकच शॉट, काही न बदलता. क्लिअरचा धक्का ढोलकीच्या पेटीआड लपवला, दादा.

रात्री रंगमंच एफएक्स६ वर, ट्रायपॉडवर, ८०० ला. आधी जनरेटरवाल्या मामांना चहा पाजला, त्यांनी "बाई, पंख्याची लाइन येगळी करतो, मग हलायचा न्हाई" म्हणून खरंच केली. पट्टा जवळजवळ गेला. हलगी झूम एफ३ वर घेतली, एकदाही फाटली नाही. बूमवाले, लाइन मिळाली होती आणि ऑपरेटरने गवळणीत गायिकेचा माइक मारला, तुम्ही म्हणालात तसाच.

राहुटीत मात्र एफएक्स६ शिरेना. हँडलसकट बांबूला अडकतो, हँडल काढलं तर आवाज गेला. तिथे एफएक्स३, १२८०० वर, एका बल्बखाली. मेकअपचे रंग ओळखू आले, गेल्या वर्षीचा चिखल नाही. दोन्हींचं चित्र एडिटला शेजारी ठेवलं तर जुळवायला पाच मिनिटं लागली.

आता माळावरची, तुमच्यासाठी. पहिल्या रात्री सवयीने मी एफएक्स३ चे लाल टॅली दिवे (रेकॉर्डिंग चालू असल्याची खूण) बंद केले होते, आरशात दिसतात म्हणून. फडातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई, वगात राणीचं काम करतात, त्यांनी विचारलं, "हे चालू हाय का न्हाय हे आमी कशावरनं वळखायचं?" मी दिवा लावून दाखवला. त्या म्हणाल्या, "मंग लावूनच ठेव. लाल आसंल तवा आमी सावध, इझला की मोकळ्या." दुसऱ्या रात्री दिवा लावूनच शूट केलं. अर्ध्या फ्रेममध्ये आरशात लाल ठिपका येतो. एडिटर म्हणून जीव तुटतो, पण तो ठेवणार आहे. गंमत म्हणजे दिवा लागल्यावर त्या जास्त बोलल्या.

काका, दोन रात्रींत मिळून पावणेचार तास रेकॉर्ड केलं. दिवसाला चार नाही.

ठरलं ते असं: सेकंडहँड एफएक्स३ घेतला, अवर्स मीटर नव्हता पण टोपी लावून काळं चित्र तपासलं, ठिपके नाहीत. उरलेल्यातून झूम एफ३, दोन माइक, ड्राइव्हचे दोन संच. एफएक्स६ फक्त मोठ्या जत्रांच्या रात्री भाड्याने, दुकानदार हंगामाचा एकत्र दर द्यायला तयार झालाय. भावाचे दोन लाख पुढच्या वर्षी.

रॉ_ची_राणी
पॉकेटला एकही मत नाही? असो. खूप शुभेच्छा, टीझर इथेच टाका.

सोळा_एमएम
त्या राणीचं काम करणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग.

बाभळबन
सांगते काका. आणि एक विनंती सगळ्यांना: भाड्याच्या एफएक्स६ बरोबर बीपी-यू३५ बॅटऱ्या दोनच मिळतात, दीड-पावणेदोन तासांत एक संपते आणि वग काही तेवढ्यात संपत नाही. कुणाकडे बीपी-यू७० चैत्र-वैशाखापुरत्या पडून असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. नारायणगाव, मंचर, जुन्नर, कुठूनही येऊन घेऊन जाईन.